कुंडीतील ट्यूलिपला थंडी हवी, गोठण नको

अमेरिकेच्या उत्तर भागात दसरा-दिवाळीच्या सुमारास बागकामाच्या दुकानांतून जाळीच्या पिशव्या टांगलेल्या दिसू लागतात. आत तपकिरी सालीचे, लहान कांद्यासारखे दिसणारे कंद आणि पिशवीवर मात्र लालभडक ट्यूलिपचे छायाचित्र. शिकागोसारख्या शहरात सदनिकेत राहणाऱ्या कुटुंबाला अंगण नसते. पण गॅलरी असते, मागचा लाकडी जिना असतो आणि भारतातून नेलेली कुंडीत झाडे लावण्याची हौसही असते. पिशवी घरी येते, कंद कुंडीत जातात, कुंडी गॅलरीच्या कोपऱ्यात राहते आणि हिवाळा सुरू होतो. एप्रिलमध्ये रस्त्यापलीकडच्या बागेत ट्यूलिपची रांग डोलू लागते, तेव्हा गॅलरीतील कुंडीत काहीच हालचाल नसते. माती उकरून पाहावी तर हाती लागतो तो मऊ पडलेला, कुजका वास येणारा लगदा.

यावर सहसा ‘थंडीने कंद मेले’ असा निष्कर्ष काढला जातो. तो अर्धाच खरा आहे. त्याच थंडीत, त्याच जातीचे कंद पलीकडच्या जमिनीत सुखरूप राहिलेले असतात. किंबहुना ती थंडी मिळाली नसती तर ते फुललेच नसते. कुंडीतील कंदाचा प्रश्न थंडीचा नसून थंडी कोणत्या वाटेने आणि किती वेगाने आत शिरते याचा आहे. हे एकदा ध्यानात आले की हिवाळ्यापूर्वी करावयाच्या साऱ्या खटाटोपाचा अर्थ लागतो.

कांद्याचा भाऊबंद

कंद म्हणजे काय, हे मराठी वाचकाला सांगण्यासाठी कांद्यासारखे उदाहरण नाही. कांदा उभा चिरला की तळाशी एक कठीण चकती, तिच्यावर एकावर एक बसलेले मांसल पापुद्रे आणि मधोमध कोंब दिसतो. ट्यूलिपच्या कंदाची रचनाही अशीच असते. चांगल्या प्रतीचा कंद शरद ऋतूत उभा कापून पाहिला तर कोंबाच्या टोकाशी इवलेसे फूल पाकळ्यांसह तयार असलेले आढळते. उन्हाळ्यात कंद निद्रिस्त भासतो, त्याच काळात ही घडण पूर्ण झालेली असते. म्हणजे दुकानातून कंद घरी येतो तो फूल पोटात घेऊनच. त्यामुळे पहिल्या वर्षी खताचा भडिमार करण्याची गरज नसते. शिदोरी पापुद्र्यांत साठवलेली असते. राखायचे असते ते आतले फूल.

मग थंडी कशासाठी? या वनस्पतींचे मूळ मध्य आशियातील पर्वतराजीत आहे. तेथे उन्हाळा कोरडा आणि हिवाळा कडक. हिवाळ्यातील दीर्घ गारवा संपला, म्हणजे आता वर यायला हरकत नाही, अशी खूणगाठ या कंदांनी लाखो वर्षांत बांधली आहे. गारव्याचे आठवडे पुरे झाले की आतील रासायनिक बदलांमुळे दांडा लांबण्याची क्षमता येते. ते पुरे झाले नाहीत तर कोंब येतो, पानेही येतात. पण दांडा आखूड राहतो आणि फूल पानांच्या बेचक्यात अडकून सुकते.

नाशिक-लासलगाव परिसरातील कांदा उत्पादकांना याच्या जवळचा एक प्रकार चांगला ठाऊक आहे. रब्बीच्या कांद्याला, रोप पुरेसे मोठे झाल्यावर लांबलेली थंडी मिळाली तर डेंगळे येतात. फुलाचा दांडा उभा राहतो आणि कांद्याचे मोल जाते. तेथे थंडी फूल घडवते आणि शेतकऱ्याला ते नको असते. ट्यूलिपमध्ये फूल आधीच घडलेले असते, थंडी त्याला बाहेर येण्याची वाट करून देते आणि बागकाम करणाऱ्याला ते हवे असते. व्यवहार उलटा, पण दोन्हीकडे हिशेब गारव्याच्या आठवड्यांचाच.

हा हिशेब ढोबळमानाने असा. ट्यूलिपला सुमारे २ ते ९ अंश सेल्सियस तापमानात १२ ते १६ आठवडे लागतात. डॅफोडिलचे गणित साधारण तसेच. हायसिंथ आणि क्रोकस यांना काहीसा कमी अवधी पुरतो. ऑक्टोबरच्या अखेरीस लावलेल्या कुंडीला मार्चच्या मध्यापर्यंत जवळजवळ २० आठवडे मिळतात. शिकागोत गारव्याचा तुटवडा कधीच नसतो. अडचण त्यापुढच्या थंडीची आहे.

जमिनीची ऊब, कुंडीचे उघडे अंग

३० जानेवारी २०१९ रोजी शिकागोचे तापमान उणे ३० अंश सेल्सियसपर्यंत उतरले होते. त्या वसंतातही शहरातील बागांत ट्यूलिप फुलले. कारण जमीन ही प्रचंड मोठी उष्णतेची कोठी आहे. तिच्यात थंडी फक्त वरून शिरते आणि अतिशय सावकाश खाली उतरते. त्यावर बर्फाचा थर असेल तर तो दुलईचे काम करतो. १५ ते २० सेंटिमीटर खोलीवरील कंदाला वरच्या हवेतील आकांताची फारशी झळ पोहोचत नाही.

कुंडीला हे सुख नाही. तिच्या चारही बाजूंनी, वरून आणि सिमेंटच्या फरशीवर ठेवली असेल तर खालूनही थंडी आत येते. मूठभर माती काही तासांत हवेइतकीच गार होते. त्यात भर अशी की, कुंडीत मुळे भिंतीपर्यंत पोहोचून कडेने गोल फिरतात. म्हणजे जो भाग सर्वांत आधी आणि सर्वांत कडक गोठतो, नेमकी तेथेच मुळांची दाटी असते. कंद स्वतः बराच काटक असतो, मुळे तितकी नसतात. आणि ट्यूलिपची मुळे एकदा गेली की त्या हंगामात कंद नवी मुळे धरत नाही. कोंब काही दिवस साठ्यावर तग धरतो आणि नंतर मान टाकतो.

अमेरिकेच्या कृषी खात्याने किमान तापमानाच्या आधारे देशाचे विभाग पाडणारा नकाशा तयार केला आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुधारित नकाशात शिकागो परिसराचा मोठा भाग सहाव्या विभागात येतो. या विभागात वर्षातील नीचांकी तापमान सरासरीने उणे १८ ते उणे २३ अंशांच्या दरम्यान असते. कुंडीत लावायची वनस्पती मात्र आपल्या विभागापेक्षा दोन विभाग अधिक थंड प्रदेशात टिकणारी असावी, असा बागकामातील जुना संकेत आहे. सहाव्या विभागातील गॅलरी कुंडीतल्या मुळांच्या लेखी चौथ्या विभागासारखी असते, असा त्याचा अर्थ.

गोठण्याहून घातक म्हणजे गोठणे आणि वितळणे यांचा खेळ. पाणी गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी फुगते. ओली माती गोठली की फुगते, वितळली की खचते. दर वेळी कंद किंचित वर ढकलला जातो आणि मुळे तुटतात. भाजक्या मातीची कुंडी याच कारणाने तडकते. दक्षिणेकडे तोंड असलेल्या गॅलरीत काळी प्लॅस्टिकची कुंडी जानेवारीच्या उन्हात दुपारी तापते आणि रात्री पुन्हा दगड होते. फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस शिकागोत तापमान २० अंशांच्या वर जाऊन एका रात्रीत गोठणबिंदूखाली घसरले होते. अशा उलथापालथीत उन्हाची जागा ही कुंडीसाठी सर्वांत वाईट जागा ठरते. थंडीच्या दिवसांत झाडाला ऊन दाखवावे, ही भारतातली सवय येथे सोडावी लागते.

लावताना

लागवडीची वेळ कॅलेंडरपेक्षा मातीवर ठरवावी. मातीचे तापमान १५ अंशांखाली स्थिरावले की कंद लावावेत. शिकागोत हा काळ बहुधा ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या आरंभापर्यंत, म्हणजे दसरा-दिवाळीच्या आगेमागे येतो. फार लवकर, उबदार मातीत लावलेले कंद कुजण्याची शक्यता असते. फार उशीर झाला तर मुळे धरण्यापूर्वीच माती गोठते. पहिले चार-सहा आठवडे वर काही दिसत नाही, पण खाली मुळांचे जाळे तयार होत असते. हिवाळ्यातील संरक्षणाची खरी सुरुवात येथेच होते.

कंद दाबून पाहावा. टणक आणि हाताला वजनदार लागला तरच घ्यावा. ट्यूलिपच्या कंदांची प्रत परिघावर ठरते. १२ सेंटिमीटर आणि त्यावरील परिघाचे कंद उत्तम समजले जातात. उंच दांड्याच्या जाती वाऱ्यात लवतात, म्हणून गॅलरीसाठी बुटक्या, लवकर फुलणाऱ्या जाती बऱ्या. डॅफोडिलमध्ये ‘टेट-अ-टेट’ ही ठेंगणी जात कुंडीत विशेष चांगली येते.

कुंडी किमान ३० सेंटिमीटर व्यासाची आणि तितकीच खोल असावी. हा केवळ मुळांना जागा देण्याचा प्रश्न नाही; माती जितकी अधिक, तितकी ती सावकाश गोठते. तळाला मोठी छिद्रे हवीत आणि खालची बशी हिवाळ्यापुरती काढून टाकावी. बागेतील चिकण माती न वापरता निचरा होणारे तयार मिश्रण वापरावे. कंद १० ते १५ सेंटिमीटर खोल, टोक वर करून ठेवावेत. जमिनीत ठेवतात त्याहून ते जवळ चालतात. ३० सेंटिमीटरच्या कुंडीत ट्यूलिपचे १२ ते १५ कंद मावतात. फक्त ते एकमेकांना आणि कुंडीच्या भिंतीला चिकटू नयेत. ट्यूलिपच्या कंदाची एक बाजू चपटी असते. ती भिंतीकडे करून ठेवली की प्रत्येकाचे पहिले रुंद पान बाहेरच्या बाजूला येते आणि कुंडी भरलेली दिसते. डच बागवान याहून पुढे जाऊन थरावर थर लावतात. तळाशी ट्यूलिप, मध्ये डॅफोडिल, वर क्रोकस, असा बेत असतो आणि तीन बहर एकामागून एक येतात. ही पद्धत देखणी खरी, पण त्यासाठी कुंडी बरीच मोठी लागते आणि ती उचलून आत नेण्याची वेळ आली की हौस अंगाशी येते.

लावल्यावर एकदा भरपूर पाणी द्यावे आणि कुंडी बाहेरच सावलीत ठेवावी. लगेच घरात घेऊ नये.

मुक्काम कोठे?

रात्रीचे तापमान सातत्याने उणे ४-५ अंशांखाली जाऊ लागले, कुंडीतील मातीचा वरचा थर कडक होऊ लागला, की मुक्काम हलवण्याची वेळ आली असे समजावे. शिकागोत ही वेळ नोव्हेंबरच्या अखेरीस किंवा डिसेंबरच्या आरंभी येते.

व्यावसायिक उत्पादक कुंड्या शीतगृहात ठेवतात. सुरुवातीला ९ अंश, मुळे धरली की ५ अंश आणि कोंब डोके काढू लागला की ० ते २ अंश, अशी उतरती भाजणी ते पाळतात. घरी इतके काटेकोर जमणार नाही. पण शून्य ते सात अंशांच्या आसपास राहणारा कोपरा सापडला तर निम्मे काम झाले. घराला लागून असलेले, न तापवलेले गॅरेज यासाठी उत्तम. त्यातही दाराजवळ नव्हे, तर घराच्या भिंतीलगतची जागा पाहावी आणि तेथे एक साधा तापमापक ठेवून द्यावा. तळघर मोहात पाडते, मात्र भट्टीच्या खोलीशेजारचे तळघर १५ अंशांवर असते. तेथे कंद मरत नाहीत, पण फुलतही नाहीत.

अंगण असलेल्यांना सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे चर. कुंड्या बसतील एवढा चर खणून त्या शेजारी शेजारी ठेवाव्यात, फटी मातीने भराव्यात आणि वर १५ ते २० सेंटिमीटर पालापाचोळा अंथरावा. कुंडीला जमिनीची ऊब उसनी देण्याचा हा प्रकार. नोव्हेंबरमध्ये उपनगरांतून घरोघरी पानगळ गोळा करून कागदी पोत्यांत भरून रस्त्याकडेला ठेवलेली असते. आच्छादनासाठी विकत काही आणावे लागत नाही. चर गोठण्यापूर्वी खणावा, हे सांगायला नको; डिसेंबरमध्ये कुदळीला जमीन दाद देत नाही.

खरी कसोटी लागते ती गॅरेज आणि अंगण दोन्ही नसलेल्यांची. उंच इमारतीच्या गॅलरीत वाराही असतो. तेथे कुंडीभोवती दुसरे घर बांधावे लागते. थर्माकोलची जाड पेटी किंवा पिकनिकची जुनी शीतपेटी घेऊन तळाला भोके पाडावीत, कुंडी आत ठेवावी आणि भोवतीच्या पोकळीत कोरडा पाला किंवा पेंढा ठासून भरावा. पेटी फरशीवर न ठेवता लाकडी फळीवर, घराच्या भिंतीला टेकवून, शक्यतो उत्तर किंवा पूर्व बाजूला ठेवावी. कुंड्या अनेक असतील तर त्या एकत्र करून लहान कुंड्या मध्ये घ्याव्यात. केवळ बबल रॅपचा एक वेढा गुंडाळणे म्हणजे स्वेटरऐवजी उपरणे घेण्यासारखे आहे. त्याने थंडी थांबत नाही, तापमानाचे हेलकावे मात्र थोडे मंदावतात. वरून प्लॅस्टिकने हवाबंद करू नये. आत ओल साचून बुरशी येते. शिकागोतील जुन्या तीन मजली घरांच्या मागील बाजूचे लाकडी सज्जे आडोशाचे असल्याने सोयीचे पडतात. तथापि, जिन्याची वाट अडवू नये. आगीच्या वेळी तीच सुटकेची वाट असते.

एवढे करूनही उणे २५ची लाट आली तर दोन-तीन रात्रींपुरती कुंडी घरातल्या सर्वांत गार खोलीत आणून पुन्हा बाहेर नेण्यात कमीपणा नाही. माती थोडीफार गोठली म्हणजे सारे संपले असेही नाही. घाबरून कुंडी हीटरजवळ ठेवणे मात्र टाळावे.

पाणी आणि पाहुणे

हिवाळ्यात कंद थंडीने जातात त्याहून अधिक ओलीने जातात, असे म्हटल्यास ते चूक ठरणार नाही. गॅरेजमध्ये ठेवलेल्या कुंडीत महिन्यातून एकदा बोट घालून पाहावे. माती भुसभुशीत कोरडी लागली, तरच पेलाभर पाणी द्यावे आणि तेही माती गोठलेली नसताना. गोठलेल्या मातीवर ओतलेले पाणी खाली जात नाही. वर बर्फाचे झाकण बसते. उलट पूर्ण कोरडे ठेवले तर मुळे वाळतात. लगदा आणि सुरकुतलेला कंद ही दोन टोकांच्या चुकांची दोन चिन्हे आहेत.

दुसरा शत्रू खार. नुकतीच उकरलेली माती तिला आमंत्रण वाटते आणि ट्यूलिप, क्रोकस हा तिचा खाऊ. खुराड्याला लावतात तशी तारेची जाळी कुंडीच्या तोंडावर बांधली की हा त्रास मिटतो. गॅरेजमध्ये उंदरांसाठीही हीच तजवीज. डॅफोडिलला मात्र कोणी तोंड लावत नाही, कारण त्याचा कंद विषारी आहे. म्हणूनच थंडावा देण्यासाठी कंद फ्रीजमध्ये ठेवणाऱ्यांनी पिशवीवर ठळक अक्षरात नाव लिहावे. स्वयंपाकाच्या घाईत तो कांदा समजून चिरला जाणे ही केवळ विनोदाची गोष्ट नाही. फ्रीजमध्ये सफरचंदे असतील तर आणखी एक अडचण. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू सुटतो आणि त्याने कंदाच्या पोटातील कळी करपते. बाहेरून कंद ठणठणीत दिसतो आणि वसंतात नुसती पाने येतात.

पाडव्याच्या सुमारास

मार्चच्या उत्तरार्धात, पाडव्याच्या आसपास, कोंब दोन-तीन सेंटिमीटर वर आलेले दिसतात. अंधारात वाढलेले असल्याने ते फिकट असतात. त्यांना एकदम उन्हात न नेता आठवडाभर सावलीत ठेवावे. हिरवा रंग चढला की उजेडाची जागा द्यावी. हलक्या गारठ्याने पानांना काही होत नाही. कळ्या आल्यानंतर कडक गोठणाची रात्र आली तर कुंडी भिंतीशी सरकवून वर जुनी चादर टाकावी. शिकागोत ट्यूलिपचा बहर एप्रिलच्या अखेरीस ते मेच्या पहिल्या पंधरवड्यात, अक्षय्य तृतीयेच्या सुमारास येतो. कुंडी गार जागी राहिली तर फुले दहा-बारा दिवस टिकतात. घरात आणून ठेवली तर चार-पाच दिवसांत पाकळ्या झडतात.

बहर ओसरल्यावर फुलाचा शेंडा खुडावा, पाने मात्र पिवळी पडेपर्यंत ठेवावीत. ट्यूलिपचा मूळ कंद फुलल्यावर संपतो आणि त्याच्या कुशीत नवे कंद तयार होतात. कुंडीतील तोकड्या मातीत ते क्वचितच पुरेसे पोसले जातात. त्यामुळे कुंडीतले ट्यूलिप एका वर्षाचे मानून पुढील वर्षी नवे कंद आणणे, हाच व्यवहार. डॅफोडिलचे तसे नाही. ते कोणा परिचिताच्या अंगणात लावून दिले तर वर्षानुवर्षे फुलत राहतात.

ही फुले पाहून पुण्या-मुंबईच्या नातलगांसाठी बॅगेत चार कंद टाकण्याचा मोह अनेकांना होतो. भारताच्या २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार लागवडीचे कंद आणण्यासाठी आयात परवाना आणि वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. विमानतळावर ते जप्त होऊ शकतात. शिवाय पुण्याच्या हिवाळ्यात सलग १२ आठवड्यांचा तो गारवा मिळणार कोठून? श्रीनगरला झबरवान टेकड्यांच्या पायथ्याशी असलेल्या ट्यूलिप उद्यानाला तो निसर्गतः मिळतो. दिल्लीच्या रस्त्यांवर अलीकडच्या वर्षांत दिसणारे ट्यूलिप नेदरलँड्समधून, आधीच थंडावा देऊन आणलेल्या कंदांचे असतात. पुण्याच्या गॅलरीसाठी निशिगंध आहे. त्याच्या कंदाला ना गॅरेज लागते ना थर्माकोलची पेटी. एप्रिल-मेमध्ये कुंडीत लावला की पावसाळ्यात दांडा येतो.